पाणी कुठवर येतं

समुद्र मी सत्ताविसाव्या वर्षी पाहिला, पण खारं पाणी जन्मापासून पीत आलो. अकोट आणि दर्यापूरच्या मधल्या आमच्या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारटच. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, माठाच्या बाहेरून पांढरी पापडी धरते. त्यामुळे अंदमानाच्या उत्तरेकडच्या त्या बेटावर उतरताना लाट तोंडावर आली, तेव्हा बाकीचे थू थू करत राहिले आणि मी मनात म्हटलं, हे त घरचंच पाणी हाय. पुढचे दोन महिने मात्र दुसरं काहीच घरच्यासारखं नव्हतं.

एका खासगी कंपनीकडे त्या बेटाच्या किनाऱ्याचा नकाशा करायचं काम होतं. वस्ती नाही, रस्ता नाही, नुसतं जंगल आणि भोवती पाणी. उडतं यंत्र फिरवून वरून फोटो आधीच काढले होते, पण किनाऱ्यावरची झाडं पाण्यावर अशी वाकलेली की फोटोत जंगल कुठे संपतं आणि समुद्र कुठे सुरू होतो ते दिसायचंच नाही. म्हणून तेवढा भाग माणसानं चालून मोजायचा. हातात खांब. खांब म्हणजे माणसापेक्षा थोडी उंच नळी, तिच्या डोक्यावर ताटलीएवढं यंत्र. ते उपग्रहांना विचारून आपली जागा ठरवतं. दर दहा पावलांवर नळी टेकवायची, ती सरळ आहे की नाही ते दाखवणारा काचेतला बुडबुडा मधोमध आणायचा, हलायचं नाही. यंत्र वाजलं की पुढे.

आम्ही तिघंच होतो. एक साहेब, मालवणकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. दुसरा धारणीच्या पलीकडच्या एका कोरकू गावचा माणूस, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. त्याला मी भाऊ म्हणायचो. मेळघाटात आगीवर लक्ष ठेवायचं काम त्यानं बरीच वर्षं केलं होतं, म्हणून साहेबांनी त्याला जंगलासाठी आणला. आणि तिसरा मी, नववीतून शाळा सोडलेला. बाबाले लकवा झाला, शेत कोणीतरी पाहायला हवं होतं, एवढंच कारण. नंतर हंगामाला अकोटच्या कापसाच्या जिनिंगवर गेलो, मग एका रस्त्याच्या मोजणीत पट्टी धरायला. तिथे हेच साहेब होते. 'हा पट्टी हलवत नाही,' एवढं बोलून त्यांनी मला सोबत घेतलं. त्याला सहा वर्षं झाली. माझ्या आयुष्यात मला कोणी काही पाहून उचललं असेल तर ते त्या एका वाक्यानं, आणि ते वाक्य खोटं ठरेल ही भीती मी सहा वर्षं खिशात घेऊन फिरत होतो. बॅटरी तीनदा मोजायचो. पेटीचं कुलूप लावून परत येऊन ओढून पाहायचो.

आधी एक चौथाही होता, खांब धरणारा, शिकलेला. पहिल्याच आठवड्यात त्याला ताप भरला आणि डोंगीतून, म्हणजे सामान आणणाऱ्या छोट्या होडीतून, परत पाठवावं लागलं. नवा माणूस यायला महिना लागला असता. साहेबांनी जेवताना माझ्याकडे पाहिलं.

'खांब तू धरशील?'

मी मान हलवली.

'पश्चिमेचा किनारा तुझ्यावर सोडतो. मी खाडीत असेन. नीट केलंस तर पुढच्या हंगामात खांब तुझ्याच नावावर टाकतो. मग पट्टी धरायला नको.'

दुसऱ्या सकाळी ते माझ्यासोबत शंभरेक पावलं चालले. वाळूवर पडलेला पालापाचोळा दाखवला. 'भरतीचं पाणी कचरा आणून टाकतं. पानं, काटक्या, शिंपले. त्याची रेघ पडते. त्या रेघेवर चालायचं, तोच नकाशावरचा किनारा.' एवढं सांगून ते खाडीकडे गेले. त्यांना याहून जास्त सांगायची गरज वाटली नसेल. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला ते पोरवयातच माहीत असतं.

रेघा दोन होत्या. पाण्याजवळ एक बारीक, ओल्या पानांची, रोज थोडी इकडे तिकडे सरकणारी. आणि तिच्यावर पंचवीस-तीस पावलं, झाडांच्या मुळांत शिरलेली दुसरी: उन्हानं पांढरे पडलेले ओंडके, नारळ, जाळ्याचे तुकडे, परक्या लिपीतल्या बाटल्या, एक एकटी चप्पल. मी वरची धरली.

तेव्हा मला त्यात जरासुद्धा शंका आली नाही. आमच्या गावाला नाला आहे, तो पुढे पूर्णेला मिळतो. उन्हाळ्यात त्यात नुसती रेती असते, बकऱ्या चरतात. पण नाला कुठवर आहे असं कोणी विचारलं तर गावातला माणूस रेतीकडे बोट दाखवत नाही. तो तुम्हाला मारुतीच्या पाराजवळ नेतो आणि पाराच्या दगडावरची खूण दाखवतो. 'पाणी इथवर आलतं.' घर बांधायचं, खळं करायचं, कडब्याची गंजी रचायची, सगळं त्या खुणेच्या वर. नवी सून आली की पहिल्या आठवड्यात कोणीतरी तिला पाराजवळ नेऊन ती खूण दाखवतंच. पाण्याची हद्द म्हणजे पाणी जास्तीत जास्त जिथवर आलं ती जागा, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं, ते अंगातच होतं. उलट खालची रेघ पाहून मी हसलो होतो. रोज सरकणारी रेघ नकाशावर कशी काढतील?

मग मी चालू लागलो. तीन दिवस एकटा. एवढा एकटा मी आधी कधीच नव्हतो. आमच्याकडे रानात माणूस एकटा असला तरी दूर कोणाच्या तरी ट्रॅक्टरचा आवाज असतो, पलीकडच्या गावाचा कडुलिंब दिसतो. इथे एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडं, आणि दोन्ही माझ्याकडे न पाहता आपापलं काहीतरी करत असलेली. खेकडे मी जवळ गेलो की बिळात शिरायचे, त्यामुळे माझ्या भोवती कायम एक रिकामं वर्तुळ असायचं. मी बोलायला लागलो. यंत्राशी. 'सांग लवकर, बाप्पा.' दाट झाडाखाली त्याला आकाश दिसायचं नाही, मग जागा सांगायला ते फार वेळ घ्यायचं, आणि मी नळी धरून दगडासारखा उभा. चावऱ्या माश्या हातावर बसायच्या. त्यांना हाकललं तर बुडबुडा हलेल म्हणून मी चावू द्यायचो. संध्याकाळी हात भाकरीसारखे फुगलेले असायचे.

'एवढा वेळ का लागतो तुला?' साहेबांनी दुसऱ्या संध्याकाळी विचारलं.

'झाडाखाली यंत्र लवकर बोलत नाही, साहेब.'

'किनाऱ्यावर एवढी झाडं?' ते म्हणाले, आणि चटके बसत असतानाच तव्यावरची पोळी हातानं उलटू लागले. विषय तिथंच राहिला.

फोनला एकाच खडकावर रेंज यायची, तीही कधी यायची कधी नाही. तिसऱ्या दिवशी आली. मी मायले सांगितलं की मोजायचं यंत्र आता माह्या हाती हाय.

'तुह्या एकट्याच्या?'

'हो.'

'शिकल्या-सवरल्यायले सोडून?'

'तो बिमार पडला, माय. पण साहेबानं मलेच सांगतलं.'

ती म्हणाली, 'तुह्या बाबाच्या कानात सांगतो. त्यायले समजते सगळं, बोलता येत नाही थेवढं.' मागून गल्लीतल्या बायांचे आवाज येत होते, आणि फोन न ठेवताच तिनं ओरडून त्यांना सांगितलं, 'पोरगं समुद्र मोजून राह्यलं माहं.' एक बाई म्हणाली, 'बुडीन नाही न व?' सगळ्या हसल्या. मीही खडकावर एकटा हसलो. नंतर रेंज गेली तरी फोन कानालाच होता.

चौथ्या दिवशी साहेबांनी भाऊला माझ्यासोबत पाठवलं, जादा बॅटरी घेऊन. तो मागून चालत होता. भाऊ जंगलात चालायचा ते बघण्यासारखं होतं; त्याच्या पायाखाली काटकी मोडायची नाही. अर्ध्या तासानं तो एका ओंडक्यावर बसला, अन् मला म्हणाला,

'लेका, तू किनारा मोजून राह्यला का जंगल?'

'किनारा.'

'मंग जंगलातून काहून चाललास?'

मी त्याला पांढरे ओंडके दाखवले, बाटल्या दाखवल्या. 'पाणी इथवर आलतं न, भाऊ.'

त्यानं एका ओंडक्याखाली हात घातला. ओंडक्याला चिकटून एक झाड उगवलेलं होतं, मनगटाएवढं जाड. 'हे झाड पाह्य. चार-पाच सालचं तरी असंन. म्हणजे हा ओंडका चार-पाच सालापासून इथंच हाय. कोणत्या तरी तुफानात आला असंन. पाणी रोज इथं येतं तर हे झाड जगलं असतं का?' मग त्यानं खाली बोट केलं. वाळूवर एक वेल पसरलेली होती, जाड पानांची, फिकट जांभळ्या फुलांची. 'त्या वेलीच्या इकडे वाळू कोरडी हाय. तिकडे ओली.'

'बेशरमचं फूल हाय थे,' मी म्हटलं. आमच्या नाल्याच्या काठानं बेशरमची झाडं माजलेली असतात, फूल अगदी तसंच.

'मालवणवाले याले मर्यादवेल म्हंतात. साहेबच सांगत होते काल. म्हणे समुद्र हिच्या पुढे येत नाही.' भाऊ हसला. 'आपल्याकडे बेशरम, यायच्याकडे मर्यादा.'

मी हसलो नाही. मागे झाडीत मी अधूनमधून ठोकलेले खुणेचे खुंट उभे होते, तिकडे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पुनव होती, म्हणजे भरती मोठी. सकाळी आम्ही दोघं त्या ओंडक्यावर जाऊन बसलो. पाणी वर येत गेलं. मी मनातल्या मनात त्याला बोलावत होतो. ये, अजून ये, तीस पावलं राहिली, ये. वेलीच्या शेंड्यांपर्यंत आलं, दोन-तीन पानं हलवली, थोडा वेळ तिथंच थांबलं आणि परत निघालं. माझे खुणेचे खुंट त्याच्या पंचवीस पावलं मागे कोरड्या पाल्यात उभे होते. तीन दिवसांत मी बेटाची एक अख्खी बाजू कापून टाकली होती.

भाऊ उठला आणि त्यानं लुंगी झटकली. 'मी काही बोलत नाही. तुहं तू पाह्य.'

'साहेबाले कळंन का पण?'

'मले काय ठाऊक? मले नकाशा कळत नाही. इथं दुसऱ्यांदा कोण येते पाहाले?'

हेच मी दिवसभर घोळवत राहिलो. खरंच, कोण येणार होतं? फोटोत झाडांखालचं दिसत नव्हतं. ऑफिसात कोणी उंचीचे आकडे निरखून पाहिले तर कदाचित शंका आली असती, कदाचित नाही. दोन दिवसांनी डोंगी येणार होती, साहेब सगळं मोजमाप तिच्यासोबत पुढे पाठवणार होते. गप्प राहिलो तर खांब माझा. सांगितलं तर खांब गेला; आणि मायनं ओरडून सांगितलेलं गल्लीनं ऐकलेलं होतं. त्या दिवशी मी भात पुढे घेऊन बसलो आणि तसाच झाकून ठेवला.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आमच्या शेताची मोजणी झाली होती. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक लिंब होता, माझ्या पणज्यानं लावलेला. मोजणीदारानं कापडावरचा जुना नकाशा पसरला, साखळी धरायला लावली, आणि लिंब शेजाऱ्याच्या वावरात गेला. बाबा म्हणाले, 'साहेब, हा लिंब आमचा हाय. कोणालेही विचारा.' शेजारीसुद्धा म्हणाला, 'हो, यायचाच हाय.' मोजणीदार वाईट माणूस नव्हता. त्यानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, 'तुमी दोघंही खरं बोलून राहिले. पण नकाशात धुरा अलीकडून हाय. मी कागदाच्या बाहेर जाऊ शकत नाही.' शेजाऱ्यानं नंतर कितीदा म्हटलं, सावलीत बसत जा, तुमचाच समजा. बाबा पुन्हा त्या लिंबाखाली बसले नाहीत. कोणीतरी, कधीतरी, दुपारच्या उन्हात कंटाळून ती रेघ थोडी अलीकडून ओढली असेल. त्याचं नाव आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. त्याची चूक मात्र आमच्या घरात राहत होती.

या बेटावर कोणाचा लिंब नाही, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. नाही पटलं.

सकाळी साहेब तंबूच्या दारात बसून डाळीतले खडे वेचत होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं एका दमात सांगितलं. ओंडके, बाटल्या, पारावरची खूण, पुनवेची भरती. भाऊनं दाखवलं तेही सांगितलं. साहेबांची बोटं डाळीत थांबली.

'किती लांबीचं झालंय असं?'

'सगळंच, साहेब. पहिल्या दिवसापासून.'

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. 'पहिल्या दिवशी विचारलं का नाहीस मला? दोन रेघा दिसल्या तर विचारायचं, कुठली?'

'मले वाटलं, हे तर सगळ्यायले माहीत असते.'

'हं,' ते म्हणाले. 'मलाही तसंच वाटलं.' मग उठले आणि भाऊला हाक मारली. 'खांब तू घे रे. मी येतो सोबत. आजपासून पुन्हा करायचं सगळं.'

भाऊ माझ्याकडे पाहायला लागला. 'साहेब, मले बटन बिटन काही जमत नाही.'

'बटन मी दाबतो. तू सरळ धर.'

'मी काय करू, साहेब?' मी विचारलं.

'तू पुढे चाल. रेघ कुठे आहे ते दाखवत जा. आता चुकणार नाहीस.'

'अन् पुढच्या हंगामात?'

'पुढचं पुढे बघू. सध्या तू पट्टीवालाच.' एवढं म्हणून ते टोपी शोधायला आत गेले.

आम्ही तिघं चालू लागलो. मी पुढे, वाकून. ओली पानं, शिंपल्यांचा चुरा, वेलीचा शेंडा. 'इथं.' मागे भाऊ खांब टेकवायचा, यंत्र वाजायचं, साहेब बटन दाबायचे. 'पुढे.' दहा पावलं. 'इथं.' उघड्यावर काम भराभर होत होतं. माझे खुंट वर झाडीत उभे दिसायचे, आणि प्रत्येक खुंटापाशी आलो की मी वर चढून तो उपटून आणायचो. साहेब तेवढा वेळ थांबायचे. एकदा एका खडकाळ जागी रेघच दिसेना. मी गुडघे टेकून दगडांच्या फटीत पाहिलं आणि सांगितलं, 'साहेब, इथं नक्की सांगता येत नाही.' त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. 'बरोबर. इथं नाही सांगता येत,' म्हणाले. तीन दिवसांत मला मिळालेलं तेवढंच. मी ते अजून जपून ठेवलं आहे.

दोन दिवसांत सगळं होणं शक्य नव्हतं. डोंगी आली तेव्हा उत्तरेचा तुकडा राहिला होता. साहेबांनी नावाड्याला एक दिवस थांबवून घेतलं. तांदूळ कमी होता, म्हणून त्या दिवशी पेज केली. कोणी मला बोललं नाही की हे तुझ्यामुळे. पेज वाढताना भाऊनं माझ्या ताटात जरा जास्तच ओतली.

नंतर दुसऱ्या बेटावर जाताना आम्ही एका छोट्या बंदराच्या गावात थांबलो. तिथे रेंज पुरेशी होती. मी धक्क्यावर एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून घरी फोन लावला.

'यंत्र हातातच हाय न?' मायचा पहिला प्रश्न.

'नाही, माय.'

'काहून?'

'माह्याकडून चुकलं होतं. साऱ्या किनाऱ्याचं. मीच साहेबाले सांगतलं. आता थे दुसऱ्याच्या हाती हाय.'

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं ती विचारेल, काहून सांगतलं. तिनं नाही विचारलं.

'मंग तुले काढलं का त्यायनं?'

'नाही. ठेवलं. मी पुढे चालतो, जागा दाखवतो.'

'साहेब बोलले काही?'

'नाही.'

'मंग लय मोठा माणूस हाय तो,' ती म्हणाली. मीही तेच म्हणत होतो रोज, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर डोळे भरून आले. मी समुद्राकडे तोंड केलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, 'म्या साऱ्या गल्लीत सांगून ठेवलं होतं रे.'

'माहीत हाय.'

'आता काय सांगू?'

'हाय थे सांग.'

तिच्या घरामागून कोणाचा तरी रेडिओ वाजत होता, गाणं ओळखीचं नव्हतं. 'कोणी विचारलं त सांगीन,' ती शेवटी म्हणाली. 'आपल्या मनानं नाही सांगत.'

'बरं.'

'अन् तुह्या बाबाले?'

'बाबाले सांग,' मी म्हटलं. 'त्यायले सगळं सांग.'

धक्क्याच्या टोकाला डोंगीत सामान चढत होतं. यंत्राची पेटी भाऊच्या खांद्यावर होती. साहेबांनी हात वर करून मला बोलावलं. मी फोन ठेवला, पाण्याचे दोन कॅन उचलले आणि निघालो.